डायरेक्ट थर्ड इयर: कम्युनिटी कॉलेजमार्गे डिग्रीची आमची वाट

माझा भाऊ दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेला, डिप्लोमा केला आणि डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगमध्ये शिरला. साताऱ्यात आमच्या गल्लीत कुणीही त्याला मागच्या दाराने आलेला म्हटलं नाही. उलट, "पोरानं बारावीची कटकट वाचवली," असंच सगळे म्हणाले. मग त्याच गल्लीतली मी अमेरिकेत आल्यावर कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजचं, नाव ऐकून नाक का मुरडत होते, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मंडळाच्या गणपतीत कुणाचा तरी मुलगा तिथे जातो असं कळलं की आम्ही बायका आवाज खाली करून बोलायचो. आता माझीच दोन्ही मुलं त्या वाटेने जाऊन आलीत आणि आवाज खाली करून लोक मलाच विचारायला येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी फ्रीमॉन्टला राहते, एका छोट्या कंपनीत हिशेब बघते. थोरलीने हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे पाच कोर्स केले आणि मग नेहमीसारखी पहिल्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत गेली. धाकटा हायस्कूलनंतर दोन वर्षं घरी राहून कम्युनिटी कॉलेजात शिकला आणि थेट तिसऱ्या वर्षाला यूसी डेव्हिसला गेला. भावाचं डायरेक्ट सेकंड इयर, तर याचं डायरेक्ट थर्ड इयर. खाली लिहिलंय ते कॅलिफोर्नियाचं आहे. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे, त्यांच्याबद्दल शेवटी थोडं सांगते.

आधी पैशांचं बोलू

सगळ्यांना पहिला प्रश्न हाच असतो, फक्त विचारतात शेवटी. कॅलिफोर्नियातल्या रहिवासी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर आहे, २०१२ च्या उन्हाळ्यापासून तेवढीच. यूसीला तिसऱ्या वर्षात जायला ६० सेमिस्टर युनिट लागतात. साठ गुणिले शेहेचाळीस, २,७६० डॉलर. दोन वर्षांचे, एका वर्षाचे नाही! डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सहामाहीऐवजी तिमाहीची आहेत, तिथे युनिटमागे ३१ डॉलर आणि युनिट ९० लागतात. हिशेब तिथेच येतो. यूसीची नुसती फी वर्षाला १४ हजारांच्या पुढे आहे, आणि वसतिगृह, जेवण, पुस्तकं धरली की वर्षाचा आकडा ४० हजारांपलीकडे जातो. कॅल स्टेटची, म्हणजे सीएसयूची फी वर्षाला ६ हजारांच्या पुढे.

यात घरी राहण्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे, फीचा नाही. हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. मी फीच्या आकड्यांकडे बघत बसले होते आणि खरी बचत आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोपलेली होती. अर्थात गाडीचा विमा, पेट्रोल, कॉलेजचं पार्किंग, हेल्थ फी हे वरचे खर्च असतातच. ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर फुकट फुकट म्हणता म्हणता पाकीट हलकं होतं.

हायस्कूलनंतर पहिल्यांदाच कॉलेजात जाणारा, सेमिस्टरला किमान १२ युनिट घेणारा विद्यार्थी असेल तर बऱ्याच कॉलेजांत कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस नावाच्या योजनेतून पहिल्या दोन वर्षांची फीसुद्धा माफ होते. त्यासाठी फाफ्सा (केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) किंवा राज्याचा कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा अर्ज भरावा लागतो. "आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला काय मिळणार," म्हणून आपली माणसं तो अर्ज भरतच नाहीत. भरा. कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीसाठी २ मार्चची तारीखही त्याच कागदाला बांधलेली आहे.

पुस्तकांचं एक छोटं गुपित: कोर्सच्या वेळापत्रकात झेडटीसी असं लिहिलेलं दिसलं तर त्या वर्गाला विकतचं पुस्तक लागत नाही. धाकट्याने एका सेमिस्टरला चारपैकी तीन वर्ग असेच निवडले. चौथ्याच्या पुस्तकाला मात्र तिन्हींची बचत गेली, ते सोडा.

हायस्कूलमध्ये असतानाचे वर्ग

याला ड्युएल एनरोलमेंट म्हणतात. मुलगा किंवा मुलगी हायस्कूलमध्येच असते, पण एखादा वर्ग कॉलेजचा घेते. सेमिस्टरला ११ युनिटपर्यंत घेणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांना बहुतेक कॉलेजं युनिटची फी लावत नाहीत. काही हायस्कूलांचा जवळच्या कॉलेजशी करार असतो, त्याला सीकॅप म्हणतात. २०१५ च्या कायद्याने ते सुरू झालं. त्यात बऱ्याचदा कॉलेजचा प्राध्यापक हायस्कूलच्याच वर्गात येऊन शिकवतो, पुस्तकंही विकत घ्यावी लागत नाहीत, आणि १५ युनिटपर्यंत मुभा असते. तुमच्या शाळेत सीकॅप आहे का, हे पहिल्यांदा विचारा. असेल तर अर्ध्या भानगडी शाळाच निस्तरते.

नसेल तर आमच्यासारखं करा. सीसीसी अप्लाय या राज्याच्या एकाच संकेतस्थळावर अर्ज भरायचा. फुकट असतो. अर्जात "मी हायस्कूलमध्ये शिकतेय" हा पर्याय नीट निवडायचा. आमच्या थोरलीने घाईत "हायस्कूल पूर्ण केलं" निवडलं आणि कॉलेजने तिला रहिवासाचे पुरावे मागायला सुरुवात केली. मग कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक येतो. त्यानंतर परवानगीचा फॉर्म: विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या. हा फॉर्म बहुतेक ठिकाणी दर सेमिस्टरला नवा लागतो. शाळेच्या काउन्सेलरकडे चारशे-पाचशे मुलं असतात, त्यामुळे फॉर्म दोन आठवडे आधी पोचला तरच सही वेळेवर येते. आमच्या काउन्सेलर बाईंनी सुरुवातीला, "याची काही गरज नाही, एपी घ्या," असं सांगितलं. एपी म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. गरज आहे की नाही हे त्यांनी नाही, आपण ठरवायचं असतं. मी शांतपणे फॉर्म पुढे केला.

मग नावनोंदणी. इथे हायस्कूलच्या मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, कायद्यानेच तसं आहे. कॉलेजची नियमित मुलं आधी वर्ग पकडतात, उरलेलं आपलं. त्यामुळे एका वर्गावर जीव लावू नका, तीन पर्याय हाताशी ठेवा. वर्ग भरलेला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला न चुकता हजर राहा; जागा रिकामी झाली की प्राध्यापक ॲड कोड देतात. उलटंही खरं: नाव लागलेलं असूनही पहिल्या तासाला गेला नाहीत तर नाव कापलं जाऊ शकतं. ऑनलाइन वर्गाचा पहिला तास म्हणजे पहिल्या आठवड्यात लॉगइन करून परिचयाची चार वाक्यं लिहिणं. तेवढं न केल्याने वर्ग गमावलेली मुलं मी पाहिलीत.

कॅल्क्युलससारखा वर्ग हवा असेल तर संगणक आधी अडवतो, कारण प्रीकॅल्क्युलस झाल्याचं त्याला माहीत नसतं. हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, पाठवून प्रिरिक्विझिट (आधी झालेला असायला हवा तो कोर्स) क्लिअर करून घ्यावं लागतं, आणि त्याला आठवडाभर लागू शकतो. नोंदणीच्या दिवशी सकाळी हे लक्षात येणं म्हणजे पाहुणे दारात आल्यावर गॅस संपणं.

पहिला कोर्स कोणता? माझं मत असं की दहावी ग्रेडनंतरच्या उन्हाळ्यात एकच, आणि आवडीचा. थोरलीने मानसशास्त्र घेतलं. सोपा असेल म्हणून नाही, तिला खरंच हवं होतं म्हणून. पण उन्हाळ्याच्या कोर्सचं गणित आधी मांडा. एका युनिटला वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून निदान ४८ तासांचं काम धरलेलं असतं. तीन युनिटचा कोर्स म्हणजे १४४ तास. उन्हाळ्यात तो सहा आठवड्यांत बसवतात, म्हणजे आठवड्याला २४ तास. एकाच उन्हाळ्यात असे दोन कोर्स, शिवाय पोहण्याची टीम, शिवाय तीन आठवडे भारतवारी, असं एक वेळापत्रक एका मैत्रिणीने मला दाखवलं होतं. मी म्हटलं, अगं बाई, मुलीला झोपायला कधी सांगितलंयस?

या कोर्सचा फायदा काय? यूसीच्या ए-टू-जी गरजांमध्ये, म्हणजे प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये करावे लागणाऱ्या विषयांत, कॉलेजचा एका सेमिस्टरचा, यूसीला चालणारा कोर्स हायस्कूलच्या एका वर्षाच्या विषयाइतका धरतात. म्हणजे शाळेत जागा न मिळालेला विषय इथे अर्ध्या वेळात भरून निघतो. शिवाय यूसी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना अशा कोर्सला एपीसारखाच जास्तीचा गुण मिळतो, एका मर्यादेपर्यंत. एपीत सगळा भरवसा मे महिन्यातल्या एका पेपरवर. इथे सेमिस्टरभराच्या कामावर. परीक्षेच्या दिवशी हातपाय गार पडणाऱ्या मुलांना हे मानवतं. आमच्या थोरलीला मानवलं. धाकटा उलटा, त्याला एकदाच काय तो पेपर द्या आणि मोकळं करा.

आणि तोटा? तो ग्रेड कायमचा असतो. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट पंधराव्या वर्षी सुरू होतं आणि कधी पुसलं जात नाही. सी मिळाला तर तोच कोर्स पुन्हा घेऊन सुधारता येत नाही. पुन्हा घेता येतो तो डी किंवा एफ आला तरच. हेच ग्रेड पुढे ट्रान्सफरच्या, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जातानाच्या, जीपीएतही धरले जातात, आणि आर्थिक मदतीसाठी प्रगती समाधानकारक आहे की नाही हे बघतानाही. म्हणून दर वर्गाच्या दोन तारखा मी फ्रिजवर चिकटवते: कुठलीही खूण न राहता वर्ग सोडायची शेवटची तारीख, आणि डब्ल्यू (वर्ग मध्येच सोडल्याची खूण) घेऊन सोडायची शेवटची तारीख. धाकट्याने अकरावीत एक ऑनलाइन इतिहासाचा वर्ग घेतला होता आणि चार आठवडे तो उघडलाच नव्हता. मला कळलं तेव्हा पहिली तारीख जाऊन तीन दिवस झाले होते. दुसरीच्या आत त्याने डब्ल्यू घेतला. एका डब्ल्यूने आभाळ कोसळत नाही, पण ते तीन दिवस मला अजून टोचतात.

मला कळलं कसं उशिरा, तर त्यालाही कारण आहे. मूल कॉलेजात नाव घालतं त्या दिवसापासून कॉलेजच्या नोंदींचा हक्क त्याचा होतो, वय पंधरा असलं तरी. फर्पा नावाचा केंद्राचा कायदा आहे. प्राध्यापकांना फोन करून, "माझ्या मुलाचं कसं चाललंय," असं विचारलंत तर ते नम्रपणे काही सांगणार नाहीत. अडचण असेल तर ईमेल मुलाने लिहायचा, ऑफिस अवरला मुलाने जायचं. आमच्या ह्यांना हे पचायला वेळ लागला. पेरेंट-टीचर मीटिंग नाही म्हणजे काय? नाही म्हणजे नाही.

असिस्ट आधी, कोर्स नंतर

माझ्याकडे चहाला येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी लॅपटॉप उघडायला लावते. असिस्ट डॉट ओआरजी. कॅलिफोर्नियातल्या कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसी-सीएसयूच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो, हे तिथे अधिकृतपणे दिलेलं असतं. वर्ष निवडायचं, आपलं कॉलेज निवडायचं, जिथे जायचंय ते विद्यापीठ निवडायचं, विषय निवडायचा. डावीकडे त्यांचा कोर्स, उजवीकडे आपला. काही ओळींत उजवीकडे "समतुल्य कोर्स नाही" असं लिहिलेलं असतं; त्या ओळी सगळ्यात नीट वाचायच्या.

लोक उलटं करतात. मुलगा मिळतील ते वर्ग घेतो, दोन वर्षांनी असिस्ट उघडतो आणि मग कळतं की अर्धे युनिट डिग्रीच्या कुठल्याच खणात बसत नाहीत. युनिट स्वस्त असले तरी वर्ष स्वस्त नसतं. डिग्री कुठून आणि कशात हवी तिथून मागे मागे येत पहिला कोर्स ठरवायचा.

आमचं उदाहरण सांगते. धाकट्याला अर्थशास्त्र हवं होतं. कॅल्क्युलसचे दोन प्रकार दिसले, एक बिझनेसवाल्यांचा सुटसुटीत, दुसरा गणित-इंजिनिअरिंगवाल्यांचा पूर्ण. मित्र सगळे पहिल्याकडे पळत होते. आम्ही चार कॅम्पस असिस्टवर शेजारी शेजारी लावले. एका ठिकाणी सुटसुटीत चालत होता, बाकी ठिकाणी नाही. त्याने तोंड वाकडं करून पूर्ण कॅल्क्युलस घेतलं. चारही दारं उघडी राहिली. हे पत्रक तयार करायला आम्हाला एक रविवार लागला. मी रकाने आखले, त्याने भरले.

इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी इथे जास्त वेळ घालवावा. कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, प्रोग्रॅमिंग, हे एकमेकांच्या पाठीवर बसलेले कोर्स आहेत. पहिला एक सेमिस्टर उशिरा झाला की सगळी माळ सरकते आणि दोनाची तीन वर्षं होतात. त्यांनी सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे विषय कुठलाही असो, सगळ्यांना लागणाऱ्या कोर्सपेक्षा विषयाच्या तयारीचे कोर्स आधी लावावेत.

हायस्कूल संपल्यावर: ट्रान्सफरची वाट

एक रेघ इथे ठळक ओढून ठेवा. हायस्कूल संपायच्या आधी, किंवा संपल्यावर लगेचच्या उन्हाळ्यात, कितीही युनिट केलेत तरी यूसीसाठी मूल फर्स्ट-इयरच अर्जदार असतं. चाळीस युनिट असले म्हणून ते ट्रान्सफर होत नाही. आणि हायस्कूलनंतर फॉलमध्ये कम्युनिटी कॉलेजच्या नियमित सेमिस्टरला नाव घातलं, की मग फर्स्ट-इयरचं दार बंद. पुढचा अर्ज ट्रान्सफरचाच. "एक सेमिस्टर करून बघू, नाही जमलं तर पुन्हा पहिल्या वर्षाला अर्ज करू," असं इथे चालत नाही. हे ठरवून करायचं.

ठरवलंत की वाट बरीच मोकळी आहे. यूसीत ट्रान्सफर घेताना कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतल्या मुलांना प्राधान्य मिळतं. नऊपैकी सहा कॅम्पस, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, टॅग नावाची प्रवेशाची हमी देतात. ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए असला की प्रवेश नक्की. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. तिथे अर्ज करता येतो, हमी नाही. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो आणि काही विषयांना, विशेषतः इंजिनिअरिंग-कॉम्प्युटरच्या आसपास, काही कॅम्पस तो देतच नाहीत. आम्ही डेव्हिसचा टॅग भरला आणि शिवाय तीन ठिकाणी साधे अर्ज केले. हमी हातात असल्यावर अर्जातले निबंध लिहितानाही पोरगा निवांत होता. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी थोरलीचा नोव्हेंबर कसा गेला होता ते आठवलं की मला हा निवांतपणाच सगळ्यात महागाचा वाटतो.

तारखा अशा. टॅगचा अर्ज सप्टेंबर महिन्यात, १ ते ३० तारखेच्या आत. यूसीचा मुख्य अर्ज १ ऑगस्टपासून भरायला घेता येतो, १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबर संपेपर्यंत पाठवून द्यायचा. मग जानेवारीत ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट: फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगला घेतलेले वर्ग पुन्हा भरायचे. अर्ज पाठवला म्हणजे झालं असं समजून बरीच मुलं हे विसरतात. आमच्याकडे ईमेल जाहिरातींच्या घोळक्यात पडला होता, मला तो महिना संपायच्या चार दिवस आधी दिसला. त्या संध्याकाळी आमच्या घरात पोळ्या झाल्या नाहीत.

सीएसयूला जायचं असेल तर एडीटी बघा, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर. २०१० च्या कायद्याने आलेली ही ६० युनिटची डिग्री घेतली की सीएसयूत त्या विषयाशी जुळणाऱ्या शिक्षणक्रमाला प्रवेशाची हमी असते आणि पुढे आणखी ६० युनिटमध्ये बॅचलर्स पूर्ण होते. हमी सीएसयूत प्रवेशाची आहे, आवडत्या कॅम्पसची नाही, एवढं लक्षात ठेवा.

सामान्य शिक्षणाच्या कोर्सचा जो गठ्ठा असतो त्याला धाकट्याच्या वेळी आयगेटसी म्हणत. २०२५ च्या फॉलपासून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी यूसी आणि सीएसयू दोन्हींना चालणारा एकच नमुना आहे, कॅल-गेटसी. त्यामुळे दोन वर्षं पुढच्या मुलाची जुनी यादी उतरवून घेऊ नका.

कॉलेजच्या काउन्सेलरची वेळ दर सेमिस्टरला घ्या आणि ट्रान्सफर सेंटरमधल्याच काउन्सेलरची घ्या. चांगले असतात, पण तेही माणसंच. जाताना असिस्टचं पान छापून न्यायचं. एकदा एकाने आमच्या धाकट्याला एक कोर्स गरजेचा नाही असं सांगितलं, छापलेल्या पानावर तो गरजेचा होता, आणि त्यांनी लगेच मान्य केलं. पान नसतं तर?

खासगी विद्यापीठं हा वेगळा विषय. हायस्कूल पूर्ण करायला वापरलेले कॉलेजचे युनिट बरीच खासगी विद्यापीठं धरत नाहीत. तिथेच डोळा असेल तर युनिट वाचवण्यासाठी ड्युएल एनरोलमेंट करू नका. आवड म्हणून, तयारी म्हणून करा.

व्हिसाचा प्रश्न

आपल्यातल्या निम्म्या घरांत हा प्रश्न असतो, म्हणून दडवत नाही. एच-४ वरच्या (आईवडील नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्या) मुलांना फाफ्सा भरता येत नाही, केंद्राची मदत मिळत नाही. पण एच-४ वर असूनही कॅलिफोर्नियात रहिवासी ठरता येतं. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक वर्षाहून जास्त काळ इथे राहत असल्याचे, इथेच राहायचा इरादा असल्याचे पुरावे लागतात. कर भरल्याची कागदपत्रं, लायसन्स, घरभाडं, असं. मूल १९ वर्षांच्या आतलं असेल तर बहुतेक वेळा आईवडिलांचेच पुरावे बघतात. हे कागद कॉलेजच्या ॲडमिशन्स ऑफिसात आधी दाखवा, फी भरल्यावर नाही, कारण बाहेरच्यांची फी युनिटमागे कितीतरी पट असते. आणि एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो, तो नेमका ट्रान्सफरच्या वर्षातच येतो. ज्या घरी ग्रीन कार्डची रांग लांब आहे त्यांनी मूल अठराचं व्हायच्या आत वकिलाशी बोलून ठेवावं.

दुसऱ्या राज्यांतले

वॉशिंग्टनमध्ये रनिंग स्टार्ट आहे, अकरावी-बारावी ग्रेडची मुलं कॉलेजात जाऊन बिनफीचे वर्ग घेतात. मिनेसोटात पीएसईओ तर १९८५ पासून आहे. न्यू जर्सीत हायस्कूलच्या वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलांना एनजे स्टार्समधून आपल्या काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते. एडिसनकडच्या मैत्रिणींनो, हे बघाच. व्हर्जिनियात नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन यांचा ॲडव्हान्स नावाचा जोडमार्ग आहे. फ्लोरिडात हायस्कूलच्या मुलांना ड्युएल एनरोलमेंट फुकट असतं. टेनेसीत हायस्कूलनंतर कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन भागवणारं टेनेसी प्रॉमिस आहे. नावं वेगळी, पण प्रश्न तोच विचारायचा: माझ्या राज्यात असिस्टसारखं कोष्टक कुठे आहे?

ट्रान्सक्रिप्टचं तेवढं राहिलं. अर्जात मुलाने आजवर नाव घातलेलं प्रत्येक कॉलेज लिहावं लागतं, तिथे एकच वर्ग घेतला असला तरी, त्यात डब्ल्यू मिळाला असला तरी. आणि प्रवेश स्वीकारल्यावर त्या प्रत्येकाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचावं लागतं. आमच्या धाकट्याचा तो इतिहासाचा वर्ग दुसऱ्या कॉलेजात होता, घरापासून चाळीस मिनिटांवर, आणि तिथलं लॉगइन तो विसरून गेला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याला गाडीत घातलं, त्यांच्या खिडकीवर नेलं, आणि एक डब्ल्यू लिहिलेलं, बाकी कोरं असलेलं ट्रान्सक्रिप्ट त्याने स्वतःच्या पैशांनी डेव्हिसला पाठवायला लावलं.